असू दे, लागेल!

तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळी होऊन दीडेक आठवडा झाला होता, ऑफिसात रिलीज फ्रीज चालू होता (म्हणजे कोडला कुणी हात लावायचा नाही आणि सगळ्यांनी कामात असल्यासारखं दिसायचं), आणि मी व ऑफिसातला एक मित्र असे दोघं दोन बाईक घेऊन जव्हार तालुक्यातल्या जामसरला तंबू टाकून राहायला निघालो होतो. एका रात्रीसाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आकडे येणार आहेत.

मित्राच्या ओळखीचे एक शिक्षक त्या भागात आहेत. त्यांनी एका घरी शब्द टाकला होता, की मुंबईची दोन पोरं येतील, भात कापून झालेल्या खाचरात झोपतील, जनावरं तेवढी दुसरीकडे बांधा. आमचा प्लॅन इतकाच. आता एवढ्यासाठी काय लागतं? हा प्रश्न मी नेटवर विचारला आणि तिथेच घोळ झाला.

मोटरसायकल कॅम्पिंगला काय न्यावं याच्या याद्या ढिगाने मिळतात. बहुतेक अमेरिकन. त्या लिहिणारा माणूस ज्या बाईकवरून जातो ती माझ्या बाईकच्या दुप्पट वजनाची असते आणि तिचं इंजिन माझ्या इंजिनाच्या सात-आठ पट. तो उतरतो ते सरकारी किंवा खाजगी कॅम्पग्राउंडवर. तिथे नळ असतो, संडास असतो, शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं, कचऱ्याचा डबा असतो. हे सगळं तिथे आहेच असं धरून त्याची यादी केलेली असते, त्यामुळे यादीत ते लिहिलेलं नसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला एन्व्हायर्नमेंट डिपेंडन्सी म्हणतो. माझ्या मशीनवर चालतं, तुझ्याकडे का चालत नाही, तर माझ्या मशीनवर जे आधीपासून इन्स्टॉल आहे ते तुझ्याकडे नाही. एवढं कळत असून मी ती यादी जशीच्या तशी एक्सेलमध्ये उतरवली. वर स्वतःचे सहा-सात आयटम घातले.

आमच्या घरात सामान भरताना एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलंय, "असू दे, लागेल." आजी काशीयात्रेला निघाली तेव्हा तिच्या ट्रंकेत अडकित्ता, सुतळी, दोन पंचे जास्तीचे आणि फुटकी हळदीची डबी होती. आई अजून पुण्याला एका दिवसासाठी जाताना पिशवीत चमचे घेते. मला वाटायचं मी यातून सुटलोय. सुटलो नव्हतो. फक्त माझ्या चमच्याला टायटॅनियमचा मुलामा होता.

तर यादी. तंबू तीन माणसांचा, ४.२ किलो (मी एकटा झोपणार होतो). उणे पाच डिग्रीपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, १.८. हवेची गादी, १.१. घडीची खुर्ची २.६, घडीचं टेबल ३. गॅसचा छोटा स्टोव्ह नि त्याचं सिलिंडर, १.२. भांडी २. टूलकिट ३.५. कॅमेरा, दोन लेन्स आणि ट्रायपॉड, ४.५. लॅपटॉप, चार्जर, पॉवरबँका आणि वायरींचा गुंता, ३. कपडे ५. खाणं ४. आणि पाणी ५ लिटर, म्हणजे ५ किलो. बेरीज करा, ४०.९ येते. एका रात्रीसाठी एक्केचाळीस किलो! लॅपटॉप का, असं विचारू नका. फ्रीज असला तरी ऑन-कॉल मीच होतो. जामसरला मोबाईलला रेंज येईल की नाही याची खात्री नसताना लॅपटॉप घेऊन जाणं म्हणजे विहीर नसलेल्या गावी पोहरा नेण्यासारखं आहे, पण नेला.

मी अगदीच बेजबाबदार नव्हतो हो. बाईकची पुस्तिका काढून वाचली होती. त्यात कमाल भार १३० किलो लिहिलाय. मी हेल्मेट, जॅकेट, बुटांसकट ८४ भरलो. ८४ अधिक ४१ म्हणजे १२५. पास! मागच्या टायरमध्ये हवासुद्धा डबलसीटच्या हिशोबाने ३२ पीएसआय भरून घेतली. सगळे टेस्ट हिरवे. आणि आमच्या धंद्यात सगळे टेस्ट हिरवे असताना प्रोडक्शनमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मुलुंडहून पहाटे निघून ठाणे, भिवंडी, वाडा, विक्रमगड, जव्हार असा रस्ता धरला. वाड्याला चहा झाला, तिथेच दोन किलो तांदूळ घेतला. वाडा कोलमला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हापासून मुंबईत त्या नावाखाली काहीही विकतात, म्हणून इथेच घ्यावा असं मित्राचं म्हणणं. म्हणजे झालं ४३ किलो. मित्राकडे कॉलेजच्या वेळची एक सॅक आणि तिच्यावर घडी करून बांधलेली त्याच्या आजीने शिवलेली गोधडी, बास. त्याचं सामान मी नंतर मोजलं, चौदा किलो. त्याचं कौतुक करायला मी जाणार नाही, कारण त्याने पाण्याची एकच बाटली आणली होती, टॉर्च आणलाच नव्हता आणि रात्रभर तो माझ्याच जीवावर होता. पण रस्त्यात तो एकदाही पडला नाही, हेही खरं.

मी पडलो. विक्रमगड सोडल्यावर रस्ता चढायला लागतो, वळणं येतात. एका वळणावर खाली दरीत धुकं छान दिसत होतं म्हणून फोटोसाठी थांबलो. वेग शून्य. डावा पाय टेकला तो बारीक खडीवर. पाय सरकला, बाईक चार बोटं कलली, आणि एरवी जिथून मी तिला सहज सावरली असती तिथून ती सावरेना. मागच्या बोचक्याने तिला ओढून नेली आणि आम्ही दोघं कडेच्या गवतात. लागलं काहीच नाही. क्लचची दांडी वाकली, इंडिकेटर फुटला, आणि इज्जत गेली.

आता यात काय झालं ते सांगतो, कारण कुठल्याच यादीत हे धड सांगितलेलं नसतं. याद्या 'काय' न्यायचं ते सांगतात. 'कुठे' बांधायचं ते एका ओळीत उरकतात. माझी खुर्ची, टेबल, ट्रायपॉड आणि तंबू मागच्या कॅरिअरवर एकावर एक रचलेले होते, साधारण वीस किलो तरी धरू दुरुस्त्या-बिरुस्त्या धरून, आणि ते मागच्या चाकाच्या आसाच्याही फूटभर मागे गेलेलं. दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर. शाळेतली तरफ आठवा. वीस किलो आसाच्या ०.३ मीटर मागे टांगले, तर पुढच्या चाकावरचे साडेचार किलो उचलले जातात आणि मागच्या चाकावर वीसऐवजी साडेचोवीस पडतात. साडेचार किलो ऐकायला काहीच नाही. पण पुढचं चाक म्हणजेच हँडल, आणि चढावर, वळणावर ते आधीच हलकं झालेलं असतं. हेडलाईट झाडाच्या शेंड्यावर मारतो तो याच कारणाने. हे झालं आडवं अंतर. उंचीचं गणित याहून वाईट. तेच वीस किलो जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असतील तर बाईक कलल्यावर ते जेवढं खाली ओढतात, त्याच्या दुप्पट ते एक मीटर उंचीवरून ओढतात. चालत्या बाईकवर हे कळत नाही. थांबताना, वळवताना, साईड स्टँडवर लावताना कळतं. आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

बाईक उचलायला मी आणि मित्र झटत होतो तेवढ्यात मागून एक काका आले. जुनी शंभर सीसीची गाडी, आणि तिच्या दोन्ही अंगांना भाताची दोन अर्धी पोती, पार पायाजवळ लोंबणारी, ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली. गिरणीवर निघाले होते. थांबले, उतरले, आमच्याकडे आणि त्या मनोऱ्याकडे एकदा बघितलं. "आधी सामान उतरवा, मग गाडी उचला," म्हणाले. दोन इंजिनियर, पण हे डोक्यात आलं नव्हतं. सामान उतरवल्यावर गाडी एका माणसाने उचलली. मग त्यांनीच, न विचारता, बांधायला घेतलं. जड ते खाली, दोन बाजूंना सारखं. हलकं आणि फुगलेलं ते वर, आणि सीटवर माझ्या पाठीला चिकटून. माझ्या हुकवाल्या रबरी दोऱ्या त्यांनी एकदा ताणून बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. "या उडतात, डोळ्यात जातात." स्वतःकडची ट्यूबची एक पट्टी काढून दिली. पैसे देऊ केले तर हसले. त्यांच्या पोत्यांचं वजन विचारलं, "पन्नासेक किलो होईल की दोन्ही मिळून." माझ्यापेक्षा जास्त वजन, माझ्याहून लहान गाडी, तोच घाट, आणि माणूस बिडी ओढत निघाला होता.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की सामान बांधायचं शिकायचं असेल तर व्हिडिओ बघू नका, पहाटे हायवेला उभं राहून दूधवाल्याची गाडी बघा. दोन बाजूंना चार कॅन, सगळे आसाच्या आसपास, सगळे खाली. त्याला कुणी भौतिकशास्त्र शिकवलेलं नाही, पण दूध सांडलं तर त्याच्या खिशातून जातं. आपल्या सामानाचं तसं नसतं. आपण पाच-सात हजारांची बॅग घेतो आणि ती बॅग भरायला आणखी सामान घेतो. माझ्यापुरतं सांगतो, मी पॅनियर आधी घेतले आणि मग ते अर्धे रिकामे दिसायला लागले म्हणून टेबल घेतलं!

याच्या अगदी उलट टोकाचाही एक पंथ आहे. टूथब्रशचा दांडा कापणारे, शर्टाची लेबलं उसवणारे, ग्रॅमचे हिशोब करणारे. त्यांचंही मला पटत नाही. पाठीवर ओझं घेऊन दोन हजार किलोमीटर चालणाऱ्याला ग्रॅमचा हिशोब परवडतो, त्याला तो करावाच लागतो. बाईकवाल्याने तो करणं म्हणजे नुसती हौस, आणि महागडी हौस. चाळीस हजारांचा एक किलोचा तंबू घेणं हा हलकेपणा नव्हे. ते वजन तुमच्या खांद्यावरून क्रेडिट कार्डावर गेलं, इतकंच.

जव्हारच्या जवळ शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते असं तिथले लोक सांगतात. आम्ही तिथे पाय मोकळे करायला थांबलो तेव्हा मित्र म्हणाला, "बघ, ते जाताना हलके गेले आणि येताना जड झाले. तू जातानाच जड आहेस." असो.

दुपार टळायच्या आत जामसरला पोचलो. आता इथून पुढे खरं सांगायचंय ते.

खाचरात तंबू लावला. ज्यांचं शेत त्यांना आम्ही मामा म्हणायला लागलो होतो, त्यांची दोन नातवंडं तंबूत आत-बाहेर करत होती, आणि त्यांचे वडील, ऐंशीच्या घरातले आजोबा, माझी घडीची खुर्ची बघायला काठी टेकत आले. बसा म्हटलं. बसले ते रात्री जेवायला हाक येईपर्यंत उठले नाहीत. हात ठेवायच्या पट्टीवर हात ठेवून, समोर नागलीच्या उतरणीकडे बघत, मजेत. त्या सगळ्या एक्केचाळीस किलोंपैकी ज्याचं खरोखर चीज झालं अशी ती एकच वस्तू. त्यामुळे खुर्चीबद्दल मला आजही निर्णय घेता आलेला नाही. तत्त्वाने ती यादीतून जायला हवी.

स्लीपिंग बॅग उणे पाचची. जव्हारकडे थंडी पडते, पहाटे हुडहुडी भरते, पण उणे पाच? मी रात्री अकराला तिच्यातून घामाघूम होऊन बाहेर आलो आणि ती अंगाखाली घेऊन झोपलो. मित्र गोधडीत मस्त, मात्र पहाटे दव पडलं आणि तंबूच्या दाराशी आलेलं गोधडीचं टोक भिजून चिंब. माझा तंबूही भिजला. ओला तंबू गुंडाळला की तो ४.२ किलो राहत नाही, हेही यादीवाले सांगत नाहीत.

सकाळी बूट घालणार तेवढ्यात मामा ओरडले, "झटका आधी!" झटकले, काही निघालं नाही. पण हे पाठ करून ठेवण्यासारखं आहे. कोकण पट्ट्यातला लाल विंचू साधा नसतो, लहान मुलांच्या तर जिवावर बेततं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून कितीतरी जीव वाचवले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आपण काय करायचं, तर तंबूची चेन बंद ठेवायची, बूट आत घ्यायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते निघायच्या आधी बघून ठेवायचं. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. माझ्या एक्सेलमध्ये कॉफी गाळायच्या कागदासाठी ओळ होती, रुग्णालयासाठी नव्हती.

आणि पाणी.

पाच लिटर नेलं होतं. दोघांमध्ये (मित्राची एक बाटली वाड्यालाच संपली होती) ते संध्याकाळी सातपर्यंत प्यायलो, भात शिजवला, आणि भांडी तशीच. मी सवयीने मामींना विचारलं, "मामी, जरा बादलीभर पाणी मिळेल का, भांडी घासायला?" मिळालं. लगेच मिळालं. नोव्हेंबरात विहिरीला पाणी असतं. मामींनी डोक्यावरचा हंडा उतरवून अर्धा बादलीत ओतला आणि तो रिकामा झालेला अर्धा भरायला पुन्हा विहिरीकडे गेल्या. मी तिथे बादली हातात घेऊन उभा. मामा म्हणाले, "आता काही नाही. उन्हाळ्यात आलात तर पाणी घेऊनच या."

ते रागाने म्हणाले नाहीत. सूचना म्हणून म्हणाले, "येताना स्वेटर आणा" म्हणतात तसं.

आता बघा. जव्हार-मोखाड्यात पाऊस भरपूर पडतो. पण काळा पाषाण, उताराची जमीन, पडलेलं पाणी धडाधडा नद्यांतून खाली जातं आणि मार्चनंतर विहिरींचे तळ दिसायला लागतात. एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतात. आणि त्याच पट्ट्यातल्या वैतरणेवर मुंबईची धरणं आहेत. मोडकसागर १९५७ साली झालं. अप्पर वैतरणा सत्तरच्या दशकात. मध्य वैतरणा तर मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ, सुमारे १०२ मीटर उंच, २०१४ साली लोकार्पण झालेलं, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी बांधलेलं. ते पाणी भांडुपला येऊन शुद्ध होतं. भांडुप माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर. म्हणजे ज्या नळाखाली मी ती पाच लिटरची कॅन भरली, त्या नळात पाणी या बाजूच्या डोंगरांतून आलेलं होतं, मी ते बाईकवर लादून परत त्याच बाजूला नेलं, आणि तिथे कमी पडलं म्हणून एका बाईच्या डोक्यावरचा अर्धा हंडा घेतला.

यावर उपाय म्हणून मुंबईने आंघोळ बंद करावी असं मी म्हणत नाही. धरणं, कालवे, पाड्यांवरच्या योजना, हा माझ्या आवाक्यातला विषय नाही आणि एका वीकेंडच्या लेखात सुटणाराही नाही. माझ्या आवाक्यात माझं कॅरिअर आहे. आणि तिथे मी तीन किलोचं टेबल नेलं होतं. तीन किलो टेबल म्हणजे तीन लिटर पाणी. लॅपटॉप आणि वायरी, आणखी तीन. ट्रायपॉड आणि दुसरी लेन्स, दोन. दोन माणसांना एका रात्रीसाठी पिणं-शिजवणं-धुणं धरून दहा-बारा लिटर लागतात. ते मला सहज नेता आलं असतं, एकूण वजन तेवढंच ठेवून, आणि पाणी संपत जातं म्हणजे येताना गाडी हलकी. शिवाय पाण्याची कॅन खाली, चाकाशेजारी, दूधवाल्यासारखी बसते. टेबल बसत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की यादी घरातल्या कपाटाकडे बघून करायची नसते, जिथे जायचं तिथे काय कमी आहे ते बघून करायची असते. जे तिथे कमी ते न्यायचं, जे तिथे आहे ते तिथेच विकत घ्यायचं. तांदूळ, नागलीचं पीठ, अंडी, भाजी तिथे आहे, आणि आपण घेतलं तर चार पैसे तिथे राहतात. ऑनलाईन पेमेंटला रेंज लागते, म्हणून रोख, आणि सुट्टे. चॉकलेटांची पिशवी नेऊन पोरांना वाटायची नाही. मी नेली होती, त्याचे चांदीचे कागद दुसऱ्या दिवशी खाचरभर गोळा करत बसलो. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या कुपोषणाच्या बातम्या आल्या तेव्हापासून शहरातून इथे येणारा प्रत्येक जण हातात काहीतरी खाऊ घेऊन येतो. पोरांनी हात पुढे करायला शिकावं असं कोणत्या आईला वाटतं? मामींनी त्या पोरांना मागे ओढलेलं मी बघितलं, आणि तरी मी वाटत राहिलो होतो.

शेकोटीचंही तेच. रानातून फाटा मोडून आणायचा नाही. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा, ते सरपण कुणाच्या तरी चुलीचं असतं. आपल्याकडे स्टोव्ह आहे. त्यावर चहा होतो.

रविवारी परत निघालो. जव्हारच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो तर शेजारी एक पिकअप उभी. मागे चार-पाच कुटुंबं. दिवाळी झाली की या भागातून माणसं वीटभट्टीवर जायला निघतात, भिवंडीकडे, वसईकडे, कुठे कुठे. भात झोडून झालं की निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. बऱ्याच जणांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती अंगावर फेडायची. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. पण सामान बांधायच्या विषयात डोकं असल्यामुळे असेल, मी त्या वेळी फक्त सामान बघत राहिलो. हंडा, त्यात बसवलेली दोन पातेली, पातेल्यात तवा. गोधड्यांची वळकटी, दोरीने बांधलेली. तांदळाचं पोतं. फावडं. प्लास्टिकची ताडपत्री. पाट्याखाली पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. एका मुलीच्या पाठीला दप्तर, म्हणजे शाळाही सामानातूनच चालली होती. सहा-सात महिन्यांचा अख्खा संसार, आणि एका घराचा ढीग माझ्या ढिगाहून फार मोठा नव्हता.

मित्र म्हणाला, "फोटो काढू नकोस." मी काढणार नव्हतो, पण कॅमेरा गळ्यात होता खरा. पिकअपमधल्या एका बाईने माझ्या गाडीवरचं बोचकं बघून टपरीवाल्याला काहीतरी विचारलं. तो हसून मला म्हणाला, "विचारतेय, तुम्ही कुठल्या भट्टीवर?"

मी काय उत्तर देणार? "फिरायला आलो होतो," म्हटलं. तिने मान डोलावली, आणि मुलीची वेणी घालायला घेतली.

येताना घाट उतरलो तो एकदाही पाय न टेकता. काकांनी शिकवल्यासारखं बांधलं होतं, आणि ट्यूबची पट्टी अजून आहे माझ्याकडे, ती काढलेली नाही.

फेब्रुवारीत पुन्हा निघालो तेव्हाची यादी अशी होती. दहा लिटरच्या पाण्याच्या दोन कॅन, दोन बाजूंना, खाली. तंबू तोच, नवा घेण्याएवढी ऐपत नाही. जाड चादर. एक पातेलं, स्टोव्ह, दोन चमचे (आईचे). पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप, कारण माझ्या टायरला ट्यूब आहे आणि रात्री पाड्यावर पंक्चरवाला शोधायला कुणाला पाठवणार. टॉर्च दोन, एक मित्रासाठी. प्रथमोपचाराची डबी. रोख. कचऱ्याला एक पोतं. पाणी धरून एकतीस किलो, पाणी सोडून अकरा. आणि खुर्ची. तिच्या २.६ किलोंसकट साडेतेहतीस. आजोबा वाट बघत असतील असं आपलं मला वाटलं, आणि होतेही.

लॅपटॉप नेला नाही. सोमवारी त्यावरून थोडं ऐकून घ्यावं लागलं.

टेबल विकायचंय. एकदाच वापरलेलं आहे. तीन किलो आहे, आधीच सांगून ठेवतो.